मोत्यांवर खापर कशाला?

आठवडाभर वडोदऱ्यातल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो दांडिया बाजारातल्या आत्याने पाठवला, मग मावसभावाने, मग पुन्हा आत्याने. म्हणणं असं: जुन्या युरोपीय चित्रांतली झालरीची पांढरी कॉलर फक्त राजघराण्यातले घालत; ती उवा अडवायला असे; आणि सयाजीराव महाराजांच्या गळ्यातले मोती म्हणजे इंग्रजांनी घातलेला गुलामीचा पट्टा.

पहिलं. डच चित्रकार रेम्ब्रांटने १६३१ मध्ये रंगवलेला निकोलास रुट्स झालर घालूनच उभा आहे, आणि तो अ‍ॅमस्टरडॅमचा फरचा व्यापारी. झालर मिरवायची ती ऐपत: खळ, तापलेली इस्त्री, घड्या बसवणारे हात. एक पावसाची सर आली की सगळं मुसळ केरात. स्पेनच्या चौथ्या फिलिपने १६२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. फक्त राजेच घालत असते, तर बंदी कोणावर घातली?

उवांना तर त्या घड्या आयत्या लपायला! गळ्याचा घाम आणि मळ महागड्या अंगरख्याला लागू नये, एवढाच त्यातला उपयोग.

आता मोती. बडोद्याचा तो सातपदरी हार सयाजीरावांच्या आधी गादीवर असलेल्या खंडेराव महाराजांच्या काळातला. ते १८७० मध्ये वारले. सयाजीराव दत्तक आले १८७५ मध्ये. ‘स्टार ऑफ द साउथ’ हा १२८ कॅरटचा हिरा घेणारेही खंडेरावच. म्हणजे हा बडोद्याच्या खजिन्यातला षोक. त्याला उधळपट्टी म्हणा हवं तर, मी भांडणार नाही.

उलट १९११ च्या दिल्ली दरबारात सयाजीराव पंचम जॉर्जसमोर दागिन्यांशिवाय, साध्या पोशाखात गेले, एकदाच लवले आणि पाठ फिरवून निघाले, तेव्हा इंग्रज खवळले. दरबारात रत्नं घालून येणं हा बादशहाचा मान धरला जाई. मेसेजवाल्याने इथे बोट ठेवलं असतं, तर मी निम्मं तरी मान्य केलं असतं.

पण गळ्यात पडलेली खरी इंग्रजी वस्तू वेगळीच. जी.सी.एस.आय. (इंग्रज सरकारच्या ‘स्टार ऑफ इंडिया’ या सन्मानाचा सर्वोच्च दर्जा) हा किताब मिळालेल्या संस्थानिकांना सोन्याची साखळी मिळे: कमळं, ताडाच्या फांद्या, गुलाब आणि मधोमध राजमुकुट. तिचं नावच ‘कॉलर’! आणि ती त्यांच्या मालकीचीही नसे. धारण करणारा वारला की वारसांनी सरकारजमा करायची.

आत्याबाई, मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर ‘मोती’ खोडून तिथे ही साखळी लिहा.