खुलासा: २५० ग्रॅमखालचा ड्रोन ‘कुठेही’ उडवता येत नाही

‘२५० ग्रॅमपेक्षा हलक्या ड्रोनला परवाना लागत नाही, नागपुरात कुठेही उडवा,’ असा मेसेज फिरतोय. त्यातलं अर्धंच खरं आहे.

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे नॅनो, म्हणजे २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनसाठी रिमोट पायलट प्रमाणपत्र (ड्रोन चालवण्याचा परवाना) लागत नाही, हे बरोबर. पण हवाई क्षेत्राचे लाल (बंदी), पिवळे (परवानगी लागते), हिरवे (मोकळे) पट्टे नॅनोलाही लागू आहेत. सोनेगावचं विमानतळ शहराला लागूनच आहे, त्यामुळे शहराचा मोठा भाग त्याच्या ८ किलोमीटरच्या परिघात येतो, आणि तिथे परवानगीशिवाय उडवता येत नाही. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा बघाच. वजनही बॅटरी आणि पंख्यांच्या गार्डसकट धरतात.

शिकायला घरात उडणारा, गार्ड असलेला छोटा ड्रोन उत्तम. स्वस्त ड्रोनला बहुधा ब्रश मोटर असते. ती झिजते, म्हणून सुटी मोटर मिळते का ते आधी विचारा. पंखे दोन दिशांचे असतात. चुकीचा बसवला की ड्रोन जागच्या जागी उलटतो. आपल्या मे महिन्यात ड्रोनची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी बंद गाडीत ठेवू नका, फुगते. उडवून आल्यावर गार होऊ द्या, मगच चार्जिंगला लावा.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. मुलं तो वाचून थेट गच्चीवरून ड्रोन सोडतात.