गोलियाडच्या पुतळ्यावरचं फॉरवर्ड

मे उजाडला की ह्यूस्टनच्या आमच्या मराठी ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतं. ‘5 मे हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी जनरल इग्नासिओ सारागोसाने फ्रेंचांना देशाबाहेर हाकललं.’ यंदा त्याला शेपूटही होतं: ‘गोलियाडला ज्या सैन्याने टेक्सासचे शेकडो कैदी मारले, त्याच सैन्याच्या जनरलचा पुतळा टेक्सासने तिथेच उभारलाय!’ खाली रागाने लाल झालेले चेहरे.

आधी स्वातंत्र्यदिनाचं बघू. तो 16 सप्टेंबरला. 1810 साली मिगेल इदाल्गो या पाद्र्याने स्पेनविरुद्ध बंडाची हाक दिली, तो दिवस. 5 मे 1862 ला पुएब्ला शहराजवळ लढाई झाली तेव्हा मेक्सिको स्वतंत्र होऊन चाळीस वर्षं उलटली होती. 1 मेला कुणी भारताला स्वातंत्र्याच्या शुभेच्छा दिल्या तर आपण जसे बघू, तसे मेक्सिकन लोक त्या दिवशी आपल्याकडे बघतात. तिकडे 5 मेला देशभर सक्तीची सुट्टीही नसते. खरा थाट पुएब्लात, आणि त्याहून मोठा इकडे अमेरिकेत.

हाकललं? लढाई सारागोसाने जिंकली, यात वाद नाही. लोरेतो आणि ग्वादालुपे या दोन किल्ल्यांवर चढून येणारी कसलेली फ्रेंच फौज त्याने दिवसभर मागे रेटली आणि ‘राष्ट्राच्या शस्त्रांनी कीर्ती मिळवली’ अशा अर्थाची तार राजधानीला धाडली. पण फ्रेंच मोठी कुमक घेऊन परतले, मे 1863 मध्ये पुएब्ला पडलं, मग राजधानी, आणि 1864 मध्ये मॅक्सिमिलियन नावाचा ऑस्ट्रियन राजपुत्र मेक्सिकोचा बादशहा म्हणून येऊन बसला. त्याला गोळ्या घातल्या गेल्या 19 जून 1867 ला. यातलं काहीच सारागोसाने पाहिलं नाही. लढाईनंतर चार महिन्यांतच, 8 सप्टेंबर 1862 ला, तो विषमज्वराने गेला. वय 33. त्याआधीच्या वर्षी तो मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष हुआरेस यांच्या सरकारात युद्धमंत्री होता. मेक्सिकोच्या जुन्या 500 पेसोंच्या नोटेवर त्याचं चित्र आहे. गोल चष्मा, चेहरा एखाद्या हायस्कुलातल्या गणिताच्या मास्तरांसारखा.

आता शेपूट. टेक्सास तेव्हा मेक्सिकोपासून फुटून निघायला लढत होतं. त्या लढ्यात मेक्सिकोच्या सैन्याने पकडलेल्या कैद्यांची गोलियाड गावात कत्तल झाली 27 मार्च 1836 ला. सारागोसाचा जन्म 24 मार्च 1829 चा. म्हणजे ‘त्या सैन्याच्या जनरलला’ सात वर्षं पूर्ण होऊन तीन दिवस झाले होते! शिवाय तो तिथे नव्हताच. वडील शिपाई, त्यांच्या बदलीमुळे घर 1834 मध्येच मातामोरोसला हललं होतं. कत्तलीचा हुकूम मेक्सिकोचा तेव्हाचा सत्ताधीश आणि सेनापती सांता आना याचा. त्याच सांता आनाला खाली खेचायच्या बंडात पुढे सारागोसा लढला.

पुतळा तिथेच का, तर तो तिथला म्हणून. ला बाहियाच्या जुन्या गढीला लागूनच त्याचं जन्मघर आहे. तेव्हा तो मुलूख मेक्सिकोचा होता. आणि टेक्सासने उभारला म्हणावं, तर दहा फुटी ब्राँझचा हा पुतळा 1980 मध्ये पुएब्लाच्या गव्हर्नरने भेट दिलेला. गावाचं नावसुद्धा बघा. स्पॅनिशमध्ये इदाल्गोच्या स्पेलिंगमधला पहिला एच नुसता लिहायचा, म्हणायचा नाही. तो काढला की आय-डी-ए-एल-जी-ओ उरतात. तीच अक्षरं उलटसुलट करा: जी-ओ-एल-आय-ए-डी. हे नाव दिलं मेक्सिकोच्याच राजवटीत, 1829 मध्ये, सारागोसाच्या जन्मवर्षी.

राहिला सारागोसा म्हणजे टेक्सासचा ‘शत्रू’ हा समज. त्याच्या आईचं माहेर सेगीन. त्याच नात्यातला हुआन सेगीन 1836 मध्ये टेक्सासच्या बाजूने, सांता आनाविरुद्ध सॅन जसिंटोला लढला. ते मैदान आमच्या ह्यूस्टनच्या अगदी वेशीवर आहे, आणि ग्रुपवरचे निम्मे लोक तिथल्या उंच स्तंभापुढे फोटो काढून आलेत.