‘ओढ असेल तर प्रबंध रखडत नाही’ म्हणणाऱ्यांना

गेल्या महिन्यापासून संशोधक विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. माझ्याकडे तो चार वेळा आला. चौथ्यांदा तो एका मैत्रिणीनं पाठवला आणि खाली लिहिलं, ‘खरंय ना गं हे?’ मजकूर थोडक्यात असा: विषयाची खरी ओढ असेल तर प्रबंध रखडत नाही, लिखाण आतून यावं लागतं, बळेच लिहिलेलं निर्जीव होतं, रखडण्याला परिस्थितीचं कारण देणं ही पळवाट आहे, शेवटच्या वर्षी सगळ्यांशी संबंध तोडून बसा, तरीही जमत नसेल तर संशोधन तुमच्यासाठी नाही.

ही मैत्रीण हडपसरला तासिका तत्त्वावर शिकवते. तिच्या पीएचडीचं सातवं वर्ष चालू आहे. तिच्या प्रश्नाचं माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि ते नीट द्यायला हवं.

आधी ओढीबद्दल. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून संहिता ठरवण्याचं काम १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये पुरं झालं. १९२५ पासून मुख्य संपादक असलेले वि. स. सुखठणकर १९४३ मध्ये गेले तेव्हा काम अर्ध्या वाटेत होतं. त्यांची ओढ कमी पडली असं म्हणायची कुणाची छाती आहे? ते संस्थेचं काम होतं आणि प्रबंध एकटीचा असतो, हे मला कळतं. वर्षांची तुलना मी करत नाही. मला त्या कामाची पद्धत महत्त्वाची वाटते. आदिपर्वाचा पहिला खंडभाग १९२७ मध्येच छापून निघाला, अख्खं आदिपर्व १९३३ मध्ये. समोर अनेक वर्षांचं काम पसरलेलं असताना काहीतरी पुरं होऊन लोकांच्या हातात जात होतं.

आपल्याकडे बहुतेक जण उलट करतात. सगळं प्रकरण लिहून झाल्याशिवाय गाइडना दाखवायचं नाही. मीही तेच केलं. माझं दुसरं प्रकरण ९० पानांचं झालं, ते पाच महिने सरांच्या टेबलावर राहिलं आणि त्या पाच महिन्यांत मी तिसऱ्याला हात लावला नाही. मला वाटायचं की विषयावरचं मन उडालं. शेवटी भीत भीत विचारलं, ‘सर, दहा-दहा पानं दिली तर चालतील का?’ सर म्हणाले, ‘अगं, मग आधीच का नाही बोललीस?’ पुढची दहा पानं आठवड्यात परत आली, समासात पेन्सिलीच्या खुणा करून. त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत लिहीत बसले होते. ओढ कुठेच गेली नव्हती. तिला पोच मिळत नव्हती.

‘बळेच लिहिलेलं निर्जीव’ हा मुद्दा तर तपासला गेलेला आहे. रॉबर्ट बॉइस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं २७ प्राध्यापकांचे तीन गट केले. पहिल्यानं अगदी निकड असेल तरच लिहायचं, दुसऱ्यानं मनात येईल तेव्हा लिहायचं, तिसऱ्यानं ठरल्या वेळी लिहायचंच. चुकलं तर आपल्याला न आवडणाऱ्या संस्थेला स्वतःच्या पैशांचा चेक जाणार. मनात येईल तेव्हा लिहिणाऱ्यांची दिवसाला सरासरी ०.९ पानं झाली, सक्तीनं लिहिणाऱ्यांची ३.२. आणि नवी कल्पना? पहिल्या गटाला पाच दिवसांतून एकदा, दुसऱ्याला दोन दिवसांतून एकदा, सक्तीवाल्यांना रोज. गट लहान होता, हे खरं. पण पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात सकाळी ठरल्या वेळी बसणाऱ्या कुणालाही विचारा, मूड अर्ध्या तासानं मागून येतो.

परिस्थिती ही पळवाट, असं म्हणणाऱ्याला पैशाचा हिशेब माहीत नसावा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत पीएचडीला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं आहेत, वर पुनर्नोंदणीची २. महिलांना आणखी २ वर्षं आणि प्रसूती वा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. प्रबंध रखडू शकतो हे नियम करणाऱ्यांनीच गृहीत धरलं आहे. पण जेआरएफ आणि पुढची एसआरएफ ही संशोधकांची फेलोशिप मिळून ५ वर्षांतच संपते. म्हणजे लिखाण सर्वांत जड होतं, संदर्भसूची, प्लॅगरिझम (उचलेगिरी) तपासणीचा रिपोर्ट, बाइंडिंग असे खर्च दारात उभे राहतात, नेमकी तेव्हा फेलोशिप गेलेली असते. आणि जिला ती कधी मिळालीच नाही, ती तासिकांच्या मानधनावर हडपसरहून विद्यापीठात येते. दिवसभरात तीन तासिका घेऊन, दोन बस बदलून घरी गेल्यावर तिच्याकडे जे उरतं, त्यावरून तिची विषयनिष्ठा मोजणं अन्यायाचं आहे.

संबंध तोडण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागात ३६५९ पीएचडी विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळपास ३२ टक्क्यांना मानसिक आजाराचा धोका दिसला. त्याच्याशी जोडलेल्या गोष्टींत घर आणि काम यांतली ओढाताण, कामाचा बोजा आणि गाइडची वागण्याची पद्धत होती. माणसं तोडून यातलं काहीच सुटत नाही. उलट ‘कुठवर आलं गं?’ असं काळजीनं विचारणारी दोन माणसंही मग उरत नाहीत.

संशोधन कुणी सोडूच नये, असं मी म्हणत नाही. विषय नकोसा झाला, दुसरं काम हाक मारत असलं, तर खुशाल सोडावं. पण तो निर्णय थकलेल्या रात्री एखादा मेसेज वाचून घेऊ नये.

मैत्रिणीला मी उत्तरात एवढंच लिहिलं: दर सोमवारी मला एक पान पाठव, कच्चं असलं तरी. पहिल्या सोमवारी काही आलं नाही. दुसऱ्या सोमवारी रात्री पावणेबाराला दीड पान आलं. मी समासात तीन प्रश्न लिहून ते तिला परत पाठवलं आहे.