कोरा चौकोन

फ्रिजवरच्या पांढऱ्या फळ्यावर आमच्या घराचा दिवस लिहिलेला असतो. त्यात संध्याकाळी सहा ते साडेसहा हा चौकोन काल कोरा होता. आज तिथे लिहिलंय, 'काकांचा ऑनलाइन फॉर्म'. अक्षर माझं नाही, फॉर्मही माझा नाही. आणि पुसायचा मार्कर तिथेच दोरीला लटकत असताना खोक्यांवर नावं घालायचा पक्का मार्कर काकांना सापडला कुठे, हे मला अजून कळलेलं नाही.

वरच्या मजल्यावरचे काका शिडी परत द्यायला आले होते. शिडी टेकवली, चष्मा कपाळावरून नाकावर उतरवला आणि फळ्यासमोर ठाण मांडलं.

"हे कोरं कसं राहिलं?"

"राहिलं नाही काका, ठेवलंय. राखीव."

"कोणासाठी?"

"दिवसभरात जे घसरेल त्याच्यासाठी."

"काय घसरणार?"

"ते आधी कळलं असतं तर त्याचाही चौकोन केला असता."

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग अत्यंत मायेने म्हणाले, "म्हणजे तुम्ही सहाला रिकाम्या असता."

आता यांना काय सांगायचं? जागेपणीचे 16 तास धरले, तर त्यातले दहा-अकराच भरायचे. सगळे भरले की फळा दुपारीच कोसळतो. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 सालीच या रोगाला नाव दिलं, 'प्लॅनिंग फॅलसी', म्हणजे नियोजनाचा भ्रम. आपण अंदाज बांधतो तो सगळं सुरळीत पार पडलेल्या दिवसाचा, आणि मागच्या दहा वेळा काय झालं ते सोयीस्कर विसरतो. यावर उतारा एकच. तीन दिवस घड्याळ लावून मोजायचं आणि तिन्हींतला सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. 'चला, निघू या' म्हटल्यापासून दाराला कुलूप लागेपर्यंत मनात पाच मिनिटं असतात, घड्याळात सतरा. त्यात एक मोजा हरवतो, पाण्याची बाटली राहते आणि वहीवर पालकांची सही हवी होती हे नेमकं उंबऱ्यात आठवतं. फळ्यावर सतराच लिहायचं, लाज वाटली तरी.

बाकी कृती सोपी आहे. खिळे तीन-चारच ठोकायचे : शाळा, जेवणं, झोप. उरलेली कामं चिकट चिठ्ठ्यांवर, तास-दीड तासाच्या चौकोनांत. पंधरा-पंधरा मिनिटांचे चौकोन आखणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. एक दात दुखला की त्यांच्या बत्तीस चिठ्ठ्या हलतात. चिठ्ठी सरकवायला मुभा, पण दोनदाच. तिसऱ्यांदा सरकली तर ती बारीक करायची, दुसऱ्याला द्यायची किंवा सरळ कचऱ्यात टाकायची. 'कपाट आवरणे' ही चिठ्ठी वर्षभर फिरते. 'खालचा कप्पा, 20 मिनिटं' त्याच दिवशी उतरते.

हे सगळं मी काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि बोट फळ्यावर फिरवत म्हणाले, "रंग कशाचे?"

"माणसांचे. निळा यांचा, हिरवा-पिवळा मुलांचा, लाल माझा."

काकांनी दोन पावलं मागे जाऊन, लग्नाचा मांडव पाहावा तसा फळा पाहिला.

"लाल फार झालाय हो. डोळ्यांना खुपतो. तुम्ही दुसरा रंग घ्या."

दुसरा रंग घ्या! चिठ्ठ्या दुसऱ्याला द्या असं नाही, रंग बदला. फिकट जांभळा घेतला तर घरातलं काम नजरेला सुसह्य होईल. शिवाय यात न दिसणारं वेगळंच. कुठली चिठ्ठी घसरली हे पाहणं, ती उचलून दुसरीकडे लावणं आणि तसं तिघांना तीन वेळा सांगणं, या कामाला चौकोनच नाही. कोरा चौकोन मात्र सगळ्यांना लांबून दिसतो. मुलगी येते, "आई, ते मोकळंच आहे ना?" हेही येतात, "ते मोकळंच होतं ना?" निळ्यातली मोकळी जागा 'विश्रांती' असते, लालमधली, सार्वजनिक मैदान.

म्हणून अनुभवाचं सांगते, राखीव वेळ कोरा ठेवू नये. त्यावर 'कागदपत्रे' लिहावं. त्या शब्दाच्या वाटेला कोणी जात नाही.

पक्क्या मार्करचं लिखाण कोरड्या फडक्याने निघत नाही. त्यावरून पुसायचा मार्कर जाड गिरवायचा आणि ओला असतानाच पुसायचा. त्यातला द्रव जुनी शाई सैल करतो. एका फटक्यात जात नाही, तीन-चारदा करावं लागतं. 'ऑनलाइन'मधला 'ऑ' सगळ्यात चिवट निघाला. सहाला सुरुवात केली होती, सहा पंचविसाला चौकोन पुन्हा कोरा झाला.

साडेसहाला बेल वाजली. काकांच्या हातात फॉर्मची कागदपत्रं होती.

"तुम्ही सहाला कामात असाल म्हणून मुद्दाम थांबलो," काका म्हणाले.