चित्रांत विचार करतो म्हणून बोलत नाही?

"ताई, वाच हे. आपल्या बबडूचं अगदी असंच आहे," म्हणत धाकट्या बहिणीने तो फॉरवर्ड पाठवला. बबडू साडेतीन वर्षांचा, शब्द मोजून पंधरा-वीस. मेसेजचं म्हणणं असं की काही मुलं चित्रांत विचार करतात, त्यांच्या मेंदूला भाषा परकी असते. त्यांना बोलायला लावू नका, फक्त चित्रं दाखवा, वेळ आली की आपोआप बोलतील. बहिणीने स्पीच थेरपिस्टची वेळ रद्दसुद्धा करून टाकली! म्हणून हे लिहितेय.

मेसेजमधले दावे एकेक करून बघू. 'मेंदू चित्रं शब्दांपेक्षा ६०,००० पट वेगाने वाचतो': आकडा वर्षानुवर्षं फिरतोय, त्यामागचा प्रयोग मात्र शोधणाऱ्यांच्या हाती लागलेला नाही. 'चित्रांत विचार करणारी ती उजव्या मेंदूची मुलं': २०१३मध्ये यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनी हजारावर लोकांचे स्कॅन तपासले. भाषेसारखी काही कामं एका बाजूला जास्त चालतात, पण अख्खा माणूस डाव्या किंवा उजव्या मेंदूचा असल्याचं दिसलं नाही.

आता मेसेजचा हुकमी पुरावा, टेम्पल ग्रँडिन. स्वमग्न (ऑटिस्टिक), पशुविज्ञानाच्या प्राध्यापक, जन्म १९४७. आपण चित्रांत विचार करतो, शब्द ही आपली दुसरी भाषा, असं त्या स्वतःच लिहितात. चौथं वर्ष जवळ येईपर्यंत त्या धड बोलतही नव्हत्या. इथवर ठीक. पुढचं सोयीस्कर गाळलंय. अडीच वर्षांच्या असतानाच त्यांची स्पीच थेरपी सुरू झाली होती. मोठी माणसं भरभर बोलली की नुसता गलबला ऐकू यायचा, कठोर व्यंजनं निसटायची, असं त्या सांगतात. शिक्षिका एकेक शब्द संथपणे, व्यंजनं ठसठशीत उच्चारून म्हणायची, तेव्हा कुठे तो पकडता यायचा. म्हणजे अडचण ऐकलेलं उलगडण्यात होती आणि ती कुणीतरी रोज बसून सोडवली. लहान मूल बोलत नसेल तर नुसतं थांबणं हे सगळ्यात वाईट, हे त्या पालकांना वारंवार बजावतात. त्यांचंच नाव घेऊन लोकांना थांबायला सांगायचं म्हणजे कमाल आहे. शिवाय सगळे स्वमग्न लोक आपल्यासारखे चित्रांतच विचार करतात, हे स्वतःचं मतही त्यांनी पुढे दुरुस्त केलं.

एक गोष्ट मान्य करावी लागते. डोक्यातलं चित्र एकदम अख्खं दिसतं, वाक्य मात्र एका शब्दामागे दुसरा असंच पुढे सरकतं. त्यात दमछाक होते. आइन्स्टाइननेही गणितज्ञ हादामारला कळवलं होतं की शब्द नंतर, दुसऱ्या टप्प्यावर, कष्टाने शोधावे लागतात. पण ते शोधायला आधी जवळ असावे लागतात ना?

'फक्त चित्रं दाखवा' यातलं 'फक्त' काढलं तर माझी हरकत नाही. चित्रकार्डांनी बोलणं मागे पडत नाही.

आणि ज्याला कमी ऐकू येतं, ते मूलही सगळं डोळ्यांनीच टिपतं. बबडूचे कान अजून कुणी तपासलेले नाहीत. ती वेळ आज मीच घेतली.