झोप शिस्तीनं येत नाही

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण आपल्याकडे झोपेवरची चर्चा बंद करायला वापरली जाते. दमलेल्या माणसाला दगडावरही झोप लागते, हे खरंच आहे. पण त्यातून लोक उलटा निष्कर्ष काढतात. ज्याला झोप लागत नाही तो पुरेसा दमलेलाच नाही, सुखवस्तू आहे, फोन बघत बसतो, मनाला लगाम नाही त्याच्या. इंग्लंडात लीड्समध्ये राहून घरची वर्तमानपत्रं वाचताना आणि नातेवाइकांशी बोलताना हा निष्कर्ष मला वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो, आणि दर वेळी वाईट वाटतं. कारण तो चुकीचा आहे आणि आधीच जागणाऱ्या माणसाला आणखी जागं ठेवतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी ९० तासांची भाषा केली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दुकानं-आस्थापनांतला कामाचा दिवस ९ वरून १० तासांवर आणि कारखान्यांतला ९ वरून १२ तासांवर नेणाऱ्या दुरुस्त्यांना मंजुरी दिली. तिन्ही वेळा कडाक्याचा वाद झाला. एक बाजू म्हणाली, आमच्या पिढीनं हे केलंच की. दुसरी म्हणाली, माणसाला आठ तास झोप नको का? मी दुसऱ्या बाजूची आहे. झोपायला वेळच उरला नाही तर पुढचं सगळं बोलणं फोल आहे. पण दोन्ही बाजू तासच मोजत होत्या. ज्याला अंथरुणावर आठ तास मिळतात आणि त्यातले चार तो छताकडे बघत काढतो, त्याचा विषय कुणी काढलाच नाही.

दिवसभर पेंगणारा माणूस दिवा मालवला की टक्क जागा होतो. उद्याची कामं, कर्जाचा हप्ता, मुलाची दहावी, कुणीतरी वर्षांपूर्वी बोललेलं वाक्य, सगळं रांगेनं येतं. आठवड्यात किमान तीन रात्री, किमान तीन महिने हे चाललं आणि दिवसाच्या कामावर त्याचा परिणाम होऊ लागला, तर डॉक्टर त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. जागेपणी मेंदूत अडेनोसिन साचत जातं आणि झोपेचा दाब वाढतो, त्या बाबतीत धोंड्याची म्हण बरोबर आहे. मात्र शरीराची धोक्याची यंत्रणा त्या दाबावर मात करू शकते. आता झोपलंच पाहिजे, नाहीतर उद्या माझं काही खरं नाही, हा विचारही त्या यंत्रणेला धोकाच वाटतो. म्हणून जोर लावून झोप येत नाही. जोर जितका जास्त, तितकी जाग जास्त.

परदेशात राहणाऱ्यांच्या डोक्यातलं काहूर थोडं वेगळं असतं. इथे हिवाळ्यात रात्रीचा दीड वाजतो तेव्हा घरी सकाळचे सात. म्हणजे मी जागी असेन तर नेमकं तेव्हाच तिकडचं जग उठतं, ग्रुपवर शुभ सकाळ सुरू होते, आणि त्यात एखादं ‘बाबांना जरा बरं नाही’ असतं. बाबांची बायपास झाली त्यानंतरच्या हिवाळ्यात माझी झोप गेली. फोन वाजला नाही तरी तो वाजेल याची वाट बघत शरीर जागं राहायचं. इथल्या मराठी मैत्रिणींशी बोलले तर बहुतेकींच्या रात्री अशाच. आम्ही ते बोलत नाही, कारण घरी सांगितलं तर आईवडिलांना घोर, आणि इथे ऑफिसात सांगावं असं नातं नाही. त्यात ऊनही अनोळखी. जूनमध्ये पहाटे साडेचारच्या सुमारास उजाडतं आणि रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो, तर डिसेंबरात पावणेचारलाच दिवस संपतो. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं, हे माणसाला इथे आल्यावर अंगानं कळतं.

डॉक्टरांकडे गेले तेव्हा गोळी मिळाली नाही. इथे झोपेच्या गोळ्या दिल्याच तर थोड्या दिवसांसाठी देतात. मला निद्रानाशासाठीच्या वर्तन-विचार उपचाराबद्दल, म्हणजे सीबीटी-आयबद्दल सांगितलं गेलं. अमेरिकेच्या डॉक्टरांच्या संघटनेनं, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं, २०१६ मध्ये प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून याचीच शिफारस केली. युरोपातल्या झोपतज्ज्ञांचंही हेच मत आहे. कोणते उपचार वापरावेत हे सरकारी आरोग्यसेवेला सुचवणाऱ्या इंग्लंडच्या नाइस या संस्थेनं मे २०२२ मध्ये अशा उपचाराचा सहा आठवड्यांचा डिजिटल कार्यक्रम, स्लीपिओ, सुचवला. शिफारस झाली म्हणजे तो प्रत्येक गावात मिळतो असं नाही, हेही सांगायला हवं.

या उपचाराचं म्हणणं आपल्या घरच्या सल्ल्याच्या बरोबर उलट आहे, आणि माझ्या मते खरा वाद इथेच व्हायला हवा. आई फोनवर म्हणायची, “अगं, झोप नाही आली तरी नुसती पडून राहा, अंगाला तरी आराम मिळेल.” हे प्रेमानं सांगितलेलं असतं. पण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये मांडलेला नियम सांगतो की पंधरा-वीस मिनिटांत झोप आली नाही असं वाटलं तर उठायचं, मंद उजेडात काहीतरी साधं करायचं, पेंग आली की परत जायचं. रात्रीमागून रात्री जागं पडून राहिलं की अंथरूण हीच जागरणाची जागा बनते. माणूस सोफ्यावर पेंगतो आणि गादीवर पडताच खडबडून जागा होतो, तो यामुळे.

दुसरा सल्ला, लवकर झोपायला जा. लवकर निजे, लवकर उठे हे शाळेपासून आपल्यावर ठसलेलं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये याच्या उलट केलं. प्रत्यक्ष झोप साडेपाच तास होत असेल तर अंथरुणावरचा वेळच साधारण साडेपाच तास करायचा, पाचपेक्षा कमी मात्र नाही. उठायची वेळ ठाम, रविवारीसुद्धा. अंथरुणावरच्या वेळातला सुमारे ८५ टक्के वेळ झोपेत जाऊ लागला की पंधरा-पंधरा मिनिटं वाढवत जायचं. पहिले काही दिवस फार जड जातात. मला दुपारी बसमध्ये उभ्यानं पेंग यायची. पण झोप तुकड्यांतून सलग व्हायला लागते. म्हणीतला दुसरा भाग, उठण्याचा, विज्ञानाला मान्य आहे तो लवकर म्हणून नाही, तर रोज ठरलेल्या वेळी उठणं म्हणून. लवकर निजण्याचा आग्रह निद्रानाश असलेल्याला घातक ठरतो.

आणि डोक्यातली रांग? तिच्यासाठी मला दोन गोष्टी उपयोगी पडल्या. पहिली, काळजीची ठरलेली वेळ. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक यांनी १९८०च्या दशकात सुचवलं की काळजी दाबू नये, तिला दिवसातली एक वेळ आणि एक जागा द्यावी. मी संध्याकाळी जेवणाआधी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही घेऊन बसते. डावीकडे काळजी, उजवीकडे तिचं पुढचं एकच पाऊल. ‘बाबांची तब्येत’ असं लिहून काही होत नाही. ‘शनिवारी दादाला विचारायचं, तपासणीची तारीख घेतली का’ असं लिहिलं की मन ती गोष्ट सोडतं. ज्या काळजीला पाऊलच नाही, तिच्यापुढे ‘आज काही करता येत नाही’ एवढंच लिहायचं, आणि तेही लिहायचंच.

दुसरी गोष्ट झोपण्याआधीची यादी. बेलर विद्यापीठातल्या मायकेल स्कलिन यांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ५७ तरुणांपैकी काहींनी झोपण्याआधी पाच मिनिटं पुढची करायची कामं लिहिली, बाकीच्यांनी झालेली कामं. करायची कामं लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं आधी झोपले, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर. हे निरोगी तरुण होते, त्यामुळे हा उपचार नव्हे. पण पाच मिनिटं आणि कागद-पेन कुणालाही परवडतं. फोनचंही दादाशी बोलून ठरवलं. रात्री फक्त त्याचा नंबर वाजेल, आणि तो तातडीचं असेल तरच करेल. त्यामुळे शांत फोन म्हणजे सगळं ठीक, एवढी खात्री मिळाली. दूर राहणाऱ्या प्रत्येकानं घरातल्या एका माणसाशी हे ठरवून घ्यावं, असं मी कळकळीनं सांगते.

आता दुसरी बाजू. ही पद्धत गृहीत धरते की माणसाला स्वतंत्र खोली आहे. लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत सासू-सासरे, मुलं आणि अभ्यास हे सगळं असताना ‘उठून दुसऱ्या खोलीत जा’ म्हणणं व्यर्थ आहे. मात्र त्याच घरात एक गोष्ट आहे जी लीड्समधल्या घरात नाही. तिथे रात्री अंथरूण घालतात आणि सकाळी वळकटी करून ठेवतात. कुणी दिवसभर गादीवर बसून लॅपटॉप चालवत नाही. अंथरूण फक्त झोपेसाठी हा बूट्झिनचा नियम तिथे कुणी न शिकवता पाळला जातो. झोप येईना तर उठून ओट्यापाशी पाट टाकून बसता येतं, गॅलरीत उभं राहता येतं. नियम आपल्या घरांच्या मापानं लिहायला हवेत, एवढाच मुद्दा.

घरी माणसं आहेत ही गोष्टही मी कमी लेखत नाही. आजी तळपायाला काशाच्या वाटीनं तूप चोळायची तेव्हा दिवसभराचं बोलणं व्हायचं, आणि काळजी रात्रीआधीच बाहेर पडायची. इथला कार्यक्रम उत्तम असला तरी तो पडद्यावर एकट्यानं करायचा असतो, आणि बरेच जण अर्ध्यात सोडतात ते मला समजतं.

घरचा सोपा मार्ग मात्र मला भीती घालतो. अल्प्राझोलम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधं आपल्याकडे एच-वन परिशिष्टात आहेत. दुकानदारानं चिठ्ठी बघून वेगळ्या वहीत नोंद करायची आणि ती तीन वर्षं ठेवायची, असा नियम आहे. तरी ओळखीच्या दुकानातून ‘तीच गोळी’ वर्षानुवर्षं घेणारी वडीलधारी माणसं प्रत्येक नात्यात सापडतील. म्हातारपणी त्यानं तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो, आणि अचानक बंद केली तर झोप आणखी बिघडते. म्हणून स्वतःहून सोडूही नये, डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळू कमी करावी.

राज्य झोपेचा विचार करतच नाही असं नाही. तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांच्या सूचनेनंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश निघाला, आणि बसवाल्यांपासून दोन पाळ्यांच्या शाळांपर्यंत सगळ्यांनी अडचणी मांडल्या. (खरं तर झोपेचं घड्याळ पुढे सरकतं ते वयात येताना, म्हणजे सवलत आठवी-दहावीलाही हवी होती.) एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं रात्रभर चौकशी करण्यावर ताशेरे ओढताना झोप ही माणसाची मूलभूत गरज असल्याचं म्हटलं. गरज मान्य झाली. आता ज्याला ती भागवता येत नाही त्याला मदत हवी.

१० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत सरकारी फोनसेवा आहे, मराठीतही बोलता येतं. तिथे निद्रानाशासाठी सहा आठवड्यांचा मराठी कार्यक्रम असावा, आठवड्यातून एक फोन आणि घरी भरायचा झोपेचा तक्ता, ही माझी मागणी आहे. ध्वनिमुद्रण, तक्ते, चाळीतल्या घराला लागू पडतील असे नियम हे काम इथल्या महाराष्ट्र मंडळांतले डॉक्टर आणि मानसतज्ज्ञ तिकडच्या डॉक्टरांसोबत करू शकतात. आणि त्यात सगळ्यात आधी हे सांगायला हवं की अंथरुणावरचा वेळ कमी करण्याचा भाग फेफरं किंवा बायपोलर आजार असलेल्यांनी, आणि घाटात एसटी किंवा ट्रक चालवणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करायचा नाही.