कार्बन, वजन, १०५: रोडबाइकच्या ‘सहा नियमां’ना उत्तर

परवा कोल्हापूरहून भाचीने एक मेसेज पुढे पाठवला. खाली तिचा प्रश्न होता : “मामा, हे खरंय का? मग मला रोडबाइक परवडणारच नाही.” मेसेज माझ्या ओळखीचा आहे. सायकलिंगच्या ग्रुपांवर तो दर दोन-तीन महिन्यांनी येतो, कुणीतरी खाली अंगठा देतं आणि तो आणखी चार ग्रुपांवर जातो. मजकूर थोडक्यात असा :

“लाखभर रुपयांत रोडबाइक घेताय? सहा नियम पाठ करा. १. कार्बन फ्रेम नसेल तर घेऊच नका. २. सायकल उचलून बघा, नऊ किलोच्या वर असेल तर दुकानातून बाहेर पडा. ३. १०५ च्या खालचा ग्रुपसेट म्हणजे खेळणं. ४. टायर २५ चाच आणि हवा १२०, तरच वेग मिळतो. ५. साइझ उंचीवरून ठरते, थोडी मोठी निघाली तर स्टेम बदलून जमतं. ६. डिस्क ब्रेक म्हणजे फुकटचं वजन.” (नवख्यांसाठी : रोडबाइक म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगाने पळणारी, खाली वळलेल्या हँडलची सायकल. ग्रुपसेट म्हणजे गिअर आणि ब्रेकच्या भागांचा संच, १०५ हा शिमानो कंपनीचा असाच एक संच. स्टेम म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा. टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, हवेचा दाब पीएसआयमध्ये मोजतात.)

हे वाचून काही जण सायकल घेणंच लांबणीवर टाकतात. काही जण सगळे पैसे फ्रेमच्या नावावर घालतात आणि अंगाला न बसणारी सायकल घरी आणतात. दोन्ही प्रकार मी जवळून पाहिलेत, त्यातला दुसरा तर स्वतः भोगलाय. म्हणून मेसेजचा क्रम सोडतो आणि ज्या नियमाने सगळ्यांत जास्त नुकसान होतं तो आधी घेतो. तो पाचवा.

माझी उंची पाच फूट सहा इंच. २०१७ साली पहिली रोडबाइक घेतली तेव्हा दुकानात ५२ साइझची संपली होती, ५४ ची शिल्लक होती आणि तिच्यावर चांगली सूट होती. “छोटा स्टेम टाकून देतो, फरक कळणारसुद्धा नाही,” असं सांगितलं गेलं. मी मान डोलावली. पहिले दोन महिने मजेत गेले, कारण तोवर सगळ्या राइड तीस-चाळीस किलोमीटरच्या होत्या. मग २०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या मुदतीत संपवायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, नाव घातलं. मुदत साडेतेरा तासांची. परतताना शिरवळला चहाला थांबलो, तर दोन्ही हातांची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर. बिस्किटाचा पुडा बोटांनी फाटेना, शेवटी दातांनी फोडला. पुढची चेन मोठ्या चक्रावर चढवायला लिव्हर तळहाताने ढकलावा लागत होता. राइड मुदतीत संपली, पण बोटांतल्या मुंग्या जायला पंधरा दिवस लागले.

झालं होतं असं, की फ्रेम लांब असल्यामुळे हँडलपर्यंत पोचायला मी कोपरं ताठ ठेवत होतो आणि धडाचा सगळा भार तळव्यांवर येत होता. करंगळीकडे जाणारी नस नेमकी तिथे दबते. स्टेम १०० वरून ७० मिलिमीटरचा केल्याने अंतर थोडं कमी झालं, पण हँडल मात्र चंचल झालं आणि उतारावर धाकधूक वाढली. वर्षाच्या आत ती सायकल तोट्यात विकली.

सारख्या उंचीच्या दोन माणसांत एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याचं धड लांब असतं. त्यांना एकच फ्रेम बसेल असं नाही. ५२, ५४ किंवा एस, एम हे आकडे प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने देते. त्यापेक्षा दोन मापं बघा : स्टॅक आणि रीच. पेडलचा मधला आस जिथे असतो तिथून हँडलच्या नळीचं वरचं टोक किती उंच आहे ते स्टॅक, आणि तिथूनच किती पुढे आहे ते रीच. ही मापं कंपनीच्या साइटवर तक्त्यात असतात. पाठ-कंबर फार वाकत नसेल तर स्टॅक जास्त आणि रीच कमी असलेली फ्रेम शोधा. कंपन्या अशा सायकलींना ‘एंड्युरन्स’ म्हणतात, आणि पहिली रोडबाइक घेणाऱ्या बहुतेकांना तीच मानवते. दुकानात ट्रेनर (सायकल जागच्या जागी धरून ठेवणारा स्टँड) असेल तर त्यावर दहा मिनिटं पेडल मारा. हात हुडांवर (ब्रेक-लिव्हरच्या रबरी मुठींवर), कोपरांना हलका बाक. तो बाक आपोआप राहत असेल तर सायकल तुमची. ताठ होत असेल तर सूट कितीही असो, घेऊ नका.

आता तिसरा नियम, कारण १०५ या आकड्याची मोहिनी फार आहे. शिमानोची रोडसाठीची उतरंड बरेच जण जाणतात : क्लॅरिस ८ गिअरचा, सोरा ९ चा, टियाग्रा १० चा, त्यावर १०५, मग अल्टेग्रा आणि ड्युरा-एस. वर जाल तसं वजन कमी, गिअर नाजूकपणे पडतात, शेजारच्या दोन गिअरांतलं अंतर कमी. १०५ उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. पण खालच्यांना खेळणं म्हणणं साफ चूक. सोरावर बीआरएमच्या सगळ्या पल्ल्यांना पुरून उरणारी माणसं मी पाहिली आहेत.

चढावर तुम्हाला वाचवतं ते ग्रुपसेटचं नाव नव्हे, तर गिअरच्या चक्रांच्या दातांची संख्या. हिशोब करून बघू. एका सायकलला पुढे ५० आणि ३४ दातांची दोन चक्रं आणि मागे ११ ते ३४ ची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) आहे. सगळ्यात हलक्या गिअरला पुढे ३४, मागे ३४, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेरा. दुसऱ्या सायकलला नाव मोठं, पण पुढे ५२-३६ आणि मागे ११ ते २८. तिथे एका फेऱ्यात चाक जवळजवळ १.२९ वेळा फिरतं. मिनिटाला ६० फेरे ही थकलेल्या पायांची गती धरली, तर पहिली सायकल ताशी साडेसात किलोमीटरने चालते, दुसरीला पावणेदहाने चालवावंच लागतं. सिंहगडाच्या चढावर १० टक्क्यांची वळणं येतात. सायकलसकट ८५ किलो वजन असेल तर तिथे पहिलीला साधारण १८५ वॅट लागतात, दुसरीला २४० च्या आसपास. नवख्या माणसाला २४० वॅट फार वेळ झेपत नाहीत. मग फेरे ४५ वर येतात, गुडघे कुरकुरायला लागतात आणि शेवटी सायकल हातात धरून चालायची वेळ येते. म्हणून “१०५ आहे का” याआधी “मागे ३४ आहे का” हे विचारा.

वरच्या ग्रुपसेटसाठी जास्त पैसे टाकायचं एक खरं कारण आहे, आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही. क्लॅरिस आणि सोरात हायड्रॉलिक ब्रेकचे (तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे) लिव्हर मिळत नाहीत, टियाग्रापासून मिळतात. लांब उतारांवर लहान हातांच्या माणसाला हा फरक गिअरच्या संख्येपेक्षा जास्त जाणवतो. दुसरीकडे, ८-९ गिअरची चेन लहान शहरातही मिळण्याची शक्यता जास्त. १२ गिअरची तुटली तर ती पुण्या-मुंबईहून येईपर्यंत सायकल भिंतीला टेकलेली. तुम्ही कुठे राहता, यावरही निवड ठरते.

कार्बन आणि वजन हे दोन नियम मुळात एकच आहेत. मध्यम किमतीत चांगली अ‍ॅल्युमिनियम फ्रेम आणि साधी कार्बन फ्रेम यांच्यात बहुधा तीनशे-चारशे ग्रॅमचाच फरक असतो. लाखाच्या आसपास कार्बन देणाऱ्या कंपनीला पैसे कुठेतरी वाचवावे लागतात, आणि ते चाकं, टायर, ब्रेक यांतून वाचतात. मग फ्रेम कार्बनची आणि चाकं जड, अशी सायकल हाती येते. अ‍ॅल्युमिनियम फ्रेमला पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुशाखी भाग) तेवढा कार्बनचा, ही या किमतीतली सगळ्यात शहाणी जोडी आहे, आणि ती सहज मिळते. दोन-अडीच लाख हाताशी असतील तर कार्बन जरूर घ्या, तेव्हा सोबतचे भागही त्या तोलाचे येतात.

एक किलोची खरी किंमत किती? चढावर जवळपास सगळी ताकद वजन वर उचलण्यात जाते. ८५ किलोतला एक किलो म्हणजे सव्वा टक्क्याहूनही कमी. तासाभराच्या चढावर सुमारे ४० सेकंद. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या भरल्या की दीड किलो वाढतंच, आणि त्या कुणी रिकाम्या नेत नाही. सपाटीवर तर अडवतो तो वारा, तिथे किलोभराने काही बिघडत नाही. शर्यतींच्या सायकलींना जागतिक संघटनेने ६.८ किलोची किमान मर्यादा घातली आहे, त्या जगात ग्रॅम मोजतात ते ठीक. आपण पहाटे पाचला निघून नऊला कामावर पोचायच्या धावपळीतली माणसं. आणि जाहिरातीतलं वजन बहुतेक वेळा पेडल न धरता, लहान साइझचं असतं, हेही लक्षात असू द्या.

टायरचा नियम पंधरा वर्षांपूर्वी सगळेच मानायचे, मीही मानला. तेव्हा व्यावसायिक स्पर्धकही २३ मिलिमीटरवर धावत, आता तेच २८ आणि त्याहून रुंद टायर वापरतात. कारण सोपं आहे. दगडासारखा फुगवलेला टायर गुळगुळीत ट्रॅकवर चांगला पळतो. खडबडीत डांबरावर मात्र प्रत्येक खडीला तो सायकल आणि माणूस दोघांना वर उडवतो, आणि ती ताकद पुढे जाण्याऐवजी अंगात जिरते. थोडा मऊ, रुंद टायर खडी पोटात घेतो आणि पुढे सरकतो. सिमेंटच्या रस्त्याचे सांधे, गावाच्या वेशीवरचे पेव्हर ब्लॉक, न रंगवलेले गतिरोधक हे आपले रोजचे रस्ते. पंचाहत्तर किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये ७० ते ७५ पीएसआय पुरतं, ३२ मध्ये ५५ ते ६०. रिम (टायर बसतो ती चाकाची कड) हुकलेस, म्हणजे टायर अडकवायची आतली खाच नसलेली, असेल तर ७३ च्या वर हवा भरायचीच नसते, तिथे हा १२० चा सल्ला धोक्याचा आहे, टायर रिमवरून उडू शकतो. दुकानात एवढंच विचारा : या फ्रेममध्ये ३२ चा टायर बसतो का? बसत असेल तर सायकल पुढची कितीतरी वर्षं कामाला येईल.

डिस्क ब्रेकवर, म्हणजे रिमऐवजी चाकाच्या मध्यावरची चकती पकडणाऱ्या ब्रेकवर, फार लिहायला नको. जुलैत ताम्हिणी उतरून बघा. रिम ब्रेकचे रबर आधी रिमवरचं पाणी पुसतात, मग पकड घेतात, आणि तेवढ्यात सायकल दोन-तीन गाड्यांचं अंतर पुढे गेलेली असते. शिवाय चिखलातली वाळू दर पावसाळ्यात रिम खाते. पावसाळ्यात सायकल बंद ठेवणाऱ्यांना रिम ब्रेक चालतील. बाकीच्यांनी ते अर्धा किलो वजन आनंदाने वागवावं.

सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. वाचलेले पैसे वरच्या मॉडेलमागे घालवू नका. रोडबाइकसोबत पेडल येतीलच असं नाही. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, पंप, दोन जादा ट्यूब आणि नीट करून घेतलेलं फिटिंग यांचा खर्च बजेटमध्ये आधी धरा, मग उरलेल्या रकमेची सायकल बघा.

भाचीची उंची पाच फूट दोन इंच. दुकानदाराने तिला एस दाखवली, कार्बनची, आणि सीट खाली घेऊन जमेल म्हणाला. मी फोनवरून हुडांवर हात ठेवायला लावून फोटो मागवला. कोपरं काठीसारखी ताठ होती. तेव्हा अ‍ॅल्युमिनियमची एक्सएस मागवायला सांगितलंय : टियाग्रा, हायड्रॉलिक ब्रेक, मागे ३४, टायर ३२. यायला तीन आठवडे लागतील. पन्हाळ्याचा चढ तिने ठरवून ठेवलाय, मी त्या रविवारी कोल्हापूरला जाणार आहे.